मांजराचा एक्स-रे काढा

"डॉक्टरसाहेब, आधी या बोक्याचा एक्स-रे काढा. माझे मासे त्याच्याच पोटात हायेत," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"न्हाईत!" शेजारच्या कमलबाईंनी पिशवीतला बोका छातीशी धरला. "उगाच इल्जाम लावून राहिल्या!"

वसमतला माझा जनावरांचा दवाखाना आहे. म्हशी, शेळ्या, बैल हे माझे नेहमीचे पेशंट. त्या दिवशी दोन शेजारणी आणि एक बोका आले, आणि त्यांच्या मागून लोणच्याची बरणी सांभाळत शकुंतलाबाईंचे यजमान गंगाधरराव. बरणीच्या पाण्यात दोन छोटी बेडकं होती.

शकुंतलाबाईंच्या घरच्या फिशटँकमधले छोटे मासे एकेक करून गायब होत होते. त्यांची अट साफ होती. बोका लांब हट्टा गावाच्या शिवारात सोडा, नाहीतर बोलणं बंद.

"टँकवर झाकण असतं का?" मी विचारलं.

"व्हय, बराबर बसवलेलं," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"मग ही बेडकं कुठली?"

"त्याच टँकमधली, बोक्याच्या भीतीनं संगं आणली. ड्वार्फ फ्रॉग," गंगाधरराव म्हणाले. "पाण्यातच राहतेत. अंगठ्याएवढीच राहतेत म्हने दुकानदार. गरीब हायेत."

मला शंका आली. ड्वार्फ म्हणजे बुटका. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा असतो क्लॉड फ्रॉग, नख्यांचा बेडूक. तो तळहाताएवढा होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. पिल्लं लहान असताना ओळखायची सोपी खूण म्हणजे पुढचे पाय. ड्वार्फच्या पुढच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो. क्लॉडची बोटं सुटी असतात.

मी भिंग घेतलं. बेडूक काही स्थिर राहीना.

"हात वर कर की रे!" म्हणत गंगाधररावांनी मदतीसाठी बरणीचं झाकण उघडलं. बेडूक थेट टेबलावर. कमलबाई स्टुलावर चढल्या. बोका पिशवीतून सुटून औषधांच्या कपाटावर गेला आणि शेपूट फुगवून थरथरत बसला.

"बघा! असला भित्रा चोऱ्या करन का?" कमलबाई वरूनच ओरडल्या.

मी ओल्या हाताने बेडूक धरला. पुढची बोटं सुटी. दुसऱ्याचीही तीच गत.

"दोन्ही क्लॉड. मासे यांनीच खाल्ले."

शकुंतलाबाई हळूच नवऱ्याकडे वळल्या. "काहून आणली वो ही?"

"विहिरीत सोडतो," ते घाईने म्हणाले.

"अजिबात नाही," मी म्हणालो. "परदेशी जात आहे. विहिरीतलं काहीबाही खाईल, वर आपल्या बेडकांना रोग देईल. वेगळा टँक घ्या, घट्ट झाकणाचा."

"बोक्याऐवजी यांनाच सोडा हट्ट्याला," कमलबाईंनी गंगाधररावांकडे बोट दाखवलं. दोघी बाया पोट धरून हसल्या आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

बेडकं आता वेगळ्या टँकमध्ये गांडुळं खाऊन गुबगुबीत झाली आहेत. जनावर विकत घेताना दुकानदाराच्या बोलण्याआधी बोटं बघावीत. जनावराची.