गुडघ्याचे धनी

ओमेर देल्प्लांकच्या डाव्या गुडघ्याला दोन धनी होते. सोमवार ते शनिवार तो गिरणीच्या मालकाचा आणि रविवारी एत्वाल फुटबॉल क्लबचा. ज्या बाईने तो गुडघा नऊ महिने पोटात वागवला, तिला कोणी कधी काही विचारलं नाही.

ती बाई म्हणजे झुल्मा. फ्रान्समधल्या रुबे शहरातल्या एका बोळात, एका नळाभोवती उभ्या असलेल्या बारा घरांपैकी सातव्या घरात ती मायलेकरं राहत. नवरा लोकरीची धूळ छातीत भरून लवकर गेला. झुल्मा विणून आलेल्या कापडातले दोष सुईने सांधायची आणि ओमेर सूत कातायचा. त्याच्या गिरणीतली यंत्रं आजोबांच्या काळातली. शेकडो चात्या लावलेला लांबलचक गाडा रुळांवरून बाहेर यायचा आणि कातणाऱ्याने तो डाव्या गुडघ्याने रेटून परत आत घालायचा, दिवसातून हजार वेळा. दुसऱ्या गिरण्यांत हे काम केव्हाच यंत्राकडे गेलं होतं. इथल्या मालकाला गुडघे स्वस्त पडत.

पण त्या रेटण्यानेच ओमेरच्या डाव्या पायात असलं बळ आलं, की सतराव्या वर्षी त्याने मारलेला चेंडू गोलकीपरसकट जाळ्यात गेला. क्लबच्या लोकांनी त्याला त्याच दिवशी उचललं. मग सहा वर्षं आघाडीवर ओमेरच. एकदा तर देशाच्या संघातून ब्रुसेल्सला खेळून आला. सपाटून हरले. येताना त्याने आईसाठी एक संत्रं आणलं.

"आणि तो संघाचा निळा सदरा कुठंय?" झुल्माने विचारलं.

"परत घेतला, आई. पुढच्या माणसाला लागतो."

"मग घाम तरी त्यांनी धुतला का?"

तेव्हापासून झुल्माच्या डोक्यात एक ठिणगी होती ती होतीच.

१९१०च्या मार्चमध्ये चषकाचा शेवटचा सामना शेजारच्या शहरात ठरला. दोन आठवडे आधी ओमेरचा गुडघा सुजला. सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो घरी आला तेव्हा गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. झुल्मा फ्लानेलची पट्टी गुंडाळत म्हणाली, "उद्या जायचं नाही."

"आई, अकरा माणसं लागतात."

"अख्ख्या रुबेत तेवढाच एक गुडघा आहे का? हा गेला तर सोमवारी गाडा कोण ढकलणार? तुझा तो सेक्रेटरी?"

"बघू गं सोमवारचं सोमवारी."

सेक्रेटरी म्हणजे मस्यू व्हात्रलाँ. लोकरीचा दलाल, गोरा गुबगुबीत, सदैव हातमोजे घालणारा. रविवारी सकाळी तो स्वतः दारात आला. "काळजी नको, मादाम. आपला ओमेर नुसता उभा राहिला तरी त्यांची दोन माणसं त्याच्याभोवती अडकतील." गोठ्यातल्या बैलाबद्दल बोलावं तसं बोलला. आणि ओमेर त्याच्यामागे हसत गेला! झुल्माला राग कोणाचा जास्त आला हे तिचं तिलाच कळेना. तरीही पट्टी तिनेच घट्ट केली होती. हेही तिला विसरता येईना.

नळाभोवतीच्या त्या सामायिक अंगणातला म्हातारा फ्लोरिमों कबुतरं पाळायचा. सामना बाहेरगावी असला की त्याची दोन कबुतरं टोपलीतून बरोबर जात. एक मध्यंतराला सुटायचं, एक शेवटी, पायाला गोलांची चिठ्ठी बांधून. त्या दिवशीही सगळं अंगण माना वर करून उभं होतं. पहिलं कबुतर उतरलं. फ्लोरिमोंने चिठ्ठी उलगडली आणि पुन्हा तिची घडी घालायला लागला.

"वाच की, म्हाताऱ्या! जीभ कबुतराला घातलीस का?" झुल्मा ओरडली.

"एक एक बरोबरी," तो म्हणाला. "ओमेरचा गुडघा. कडेला उभा केलाय."

जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घ्यायचा नाही, असा तेव्हाचा नियम. लंगडा झाला की त्याला मैदानाच्या कडेला उभं करायचं, माणसं मोजायला अकरा दिसली म्हणजे झालं. झुल्माने हातातली बादली तिथेच टाकली आणि लाकडी बूट खडखडवत ट्रामकडे पळाली.

ती पोचली तेव्हा सामना संपायला दहा मिनिटं उरली होती. ओमेर मैदानाभोवती बांधलेल्या दोरीच्या अगदी जवळ, एका पायावर बगळ्यासारखा उभा. तोंड पांढरंफटक.

"ओमेर! चल घरी."

"आई! तू इथे? लोक बघतायत."

"बघू देत. चल म्हणते ना."

मागून कोणी तरी ओरडलं, "ए मावशी, त्याला दूध पाजायची वेळ झाली काय?" सगळी रांग खिदळली.

"तुझ्या आईने तुला पाजलं ते फुकट गेलं!" झुल्मा मागे न बघता म्हणाली, आणि दोरीखालून वाकली. तिने त्याची बाही पकडली. खरंच पकडली होती. तेवढ्यात चेंडू आला. लंगड्यावर कोण लक्ष ठेवणार? ओमेरसमोर एकही माणूस नव्हता. त्याने बाही सोडवली, तीन पावलं उड्या मारत गेला आणि डाव्या पायाने, त्याच पायाने, चेंडू हाणला.

गोल झाला. ओमेर पडला. हजार माणसं दोरी तोडून धावली. त्यांनी त्याला खांद्यावर उचललं, तो किंचाळत होता आणि लोकांना वाटलं, आनंदाने किंचाळतोय. कोणाच्या तरी कोपराने झुल्मा चिखलात बसली. ऊठ म्हणायलाही कोणी थांबलं नाही.

पाच आठवडे ओमेर खाटेवर होता. गुडघा वाकेना. सहाव्या आठवड्यात मुकादम निरोप सांगून गेला, सोमवारी आला नाहीस तर जागा भरली समज. झुल्मा उठली आणि क्लबचे लोक ज्या गुत्त्यात जमत तिथे गेली. मागच्या खोलीत समिती बीअर पीत बसली होती. डोक्यावर फळी, फळीवर तो चेंडू, आणि चेंडूवर पांढऱ्या रंगात २-१.

"बसून करायचं एखादं काम द्या त्याला," ती म्हणाली. "तुमच्या गोदामात द्या. भीक मागत नाही."

व्हात्रलाँने हातमोजे नीट केले. "मादाम, आम्हाला फार वाईट वाटतं. पण आम्ही हौशी संघ आहोत. खेळाच्या बदल्यात नोकरी दिली तर तो धंदेवाईक ठरेल. चषक परत द्यावा लागेल."

"म्हणजे गुडघा गेला तो हौसेने?"

"तसंच म्हणायला हवं. त्याचं नाव मात्र या भिंतीवर राहील."

"आणि तो चेंडू कोणाचा?"

"क्लबचा."

"गोल कोणी मारला?"

"ओमेरने, अर्थात."

झुल्मा खुर्चीवर चढली. चौघे धट्टेकट्टे पुरुष बघत राहिले. तिने चेंडू काढला, एप्रनमध्ये गुंडाळला आणि उतरली. "मादाम, ही चोरी आहे!" व्हात्रलाँ म्हणाला.

"मग पोलीस बोलवा. सगळ्यांसमोर सांगते काय काय चोरीला गेलंय ते."

घरी आल्यावर तिने चेंडूचं तोंड बांधलेली चामड्याची वादी सोडली, आतला फुगा काढून फेकला आणि कात्री घेतली. कातडं इतकं जाड की तीन सुया मोडल्या. ओमेर खाटेवरून ओरडला, "आई, काय करतेस? तो माझा चेंडू आहे!"

"तुझा होता तर गुत्त्यात काय करत होता?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला. रात्रीचं सूपही घेतलं नाही. झुल्माने दोन पदर शिवून आत लोकर भरली आणि वादीचेच बंद लावले. हे गुडघ्याचं चिलखत तिने उजव्या पायाच्या मापाचं केलं होतं. डाव्याने काम होणार नव्हतंच. जगातले सगळे कातणारे डाव्याने ढकलतात, हा उजव्याने शिकेल. अंग वाकडं करून, शिव्या खाऊन शिकेल. पांढरा दोनचा आकडा नेमका एका तुकड्यावर आला होता, तो तिने मुद्दाम आतल्या बाजूला घेतला. कोणाला दिसायला नको.

सोमवारी पाचला ओमेर उठला. खुर्चीला धरून उभा राहिला आणि उजव्या गुडघ्यावर ते बांधलं. झुल्मा कॉफीचा डबा भरून वळली तर दोनचा आकडा बाहेर होता. पठ्ठ्याने ते उलटं करून बांधलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगल्या दहा शिव्या जिभेवर आल्या. पण त्याला उंबरा ओलांडायचा होता आणि त्यासाठी खांदा लागणार होता. तिने डबा त्याच्या हातात कोंबला आणि खांदा पुढे केला.

"नीट धर," ती म्हणाली. "इथे कोणी टाळ्या वाजवायला नाहीये."