एका टोकनावर दोघं

हिरामण भोयेनं चौथ्यांदा बोट ठेवलं आणि चौथ्यांदा मशीनवर लाल दिवा लागला. मागे फर्स्ट शिफ्टची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती.

"पुसून ठेव ना भाऊ," मागून कुणीतरी ओरडलं. "बोट हे का भुईमुगाची शेंग?"

रांग हसली. हिरामणही हसला. मी रजिस्टरमध्ये त्याची सही घेतली, त्याला आत सोडलं आणि माझ्या यादीत त्याचा टोकन नंबर लिहिला. ११२.

मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटे भाग आम्ही बनवायचो. कामगार दोनशेच्या आत. पर्सोनेलचं काम म्हणजे भरती, हजेरी, रजा, शिस्त, आणि कुणाच्या घरी काय चाललंय याची माहिती. दोन हजार तीन-चारच्या सुमारास आम्ही पंचकार्डाचं जुनं घड्याळ काढून बोटाच्या ठशावर चालणारं मशीन बसवलं. प्रत्येकाचं बोट सुरुवातीला एकदा नोंदवायचं, याला एन्रोलमेंट म्हणतात. मग रोज बोट ठेवायचं, ठसा जुळला की हजेरी लागली.

मशीन बसवणारा इंजिनिअर म्हणाला होता, "मॅडम, शॉपफ्लोअरची बोटं आहेत. घासलेली, कापलेली, तेलकट. काही जुळणार नाहीत. परत एन्रोल करा, विषय संपला."

विषय संपवण्याआधी मी यादी करते. माझ्या घरी भाजीचीसुद्धा असते. न जुळणाऱ्या बोटांची यादी केली तर अकरा नंबर निघाले. दहांची कारणं सापडली. कुणाला जखम होती, कुणी दिवसभर ग्राइंडिंगवर होता, एकानं एन्रोलमेंटला चुकून दुसरंच बोट दिलं होतं. राहिला ११२. त्याचं बोट सलग बारा दिवस जुळलं नव्हतं. त्याआधी नऊ दिवस बिनतक्रार जुळलं होतं. जखम अशी नऊ-बारा दिवसांच्या पाळीनं येत-जात नाही.

त्याच महिन्यात आमच्याकडे दुसरी एक गोष्ट सुरू झाली होती. आमचे साहेब, म्हणजे कारखान्याचे मालक, त्र्यंबक रस्त्यावरच्या एका शिबिराला जाऊन आले आणि बरेच बदलले. आवाज खाली आला. टेबलावरचा पेपरवेट जाऊन शंख आला. सगळ्या माणसांमध्ये चैतन्य एकच आहे, 'मी' आणि 'तू' हे वरवरचे भेद आहेत, हे त्यांना पटलं होतं आणि ते कामगारांनाही पटावं अशी त्यांची इच्छा होती. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. म्हणून शुक्रवारी दुपारी शिफ्ट बदलताना कॅन्टीनमध्ये अर्ध्या तासाचं सेशन ठरलं. बोलायला एक निवृत्त प्राध्यापक यायचे. तत्त्वज्ञान शिकवलेले, सडपातळ, अत्यंत वेळेचे पक्के. सगळे त्यांना सर म्हणत. हजेरी घ्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

पहिल्याच सेशनला मी सरांना विचारलं, "सर, सगळे एकच असतील तर मी हजेरी कुणाची घेऊ?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "घ्या घ्या. नाव हाक मारण्यापुरतं लागतंच. फक्त हाक मारल्यावर ओ कोण देतं, त्याचा शोध घ्यायचा."

मला ते उत्तर आवडलं. पूर्ण कळलं असं नाही, पण वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या सेशनला सर एकेकाला उभं करून विचारत होते, "तू कोण?" कुणी नाव सांगितलं, कुणी टोकन नंबर, कुणी "फिटर". भोयेची पाळी आली. तो म्हणाला, "आमी भोये."

"ते घराणं झालं. तू एकटा कोण?"

"एकला कसा राहीन सर? आमी हायच मिळून. ह्यो हात माझा म्हना नायतर घरचा म्हना, काम तेच करतो."

सर साहेबांकडे वळले. मग म्हणाले, "पुस्तकं वाचून मला जे सांगता येत नाही ते या माणसानं एका वाक्यात सांगितलं." साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. पुढच्या सोमवारी नोटीस बोर्डावर भोयेचं नाव लागलं.

आणि इकडे माझ्या यादीत त्याच भोयेचं बोट जुळत नव्हतं.

मी सुपरवायझर आहेरांना गाठलं. आहेर मोसम खोऱ्यातले, नामपूरचे. आवाज मोठा, मन साफ. मी विचारलं, "भोयेमध्ये काही वेगळं जाणवतं का?"

"काम एक नंबर. वेगळं म्हणजे…" आहेरांनी डोकं खाजवलं. "मॅडम, तो कधीकधी डावखुरा असतो."

"कधीकधी?"

"म्हणजे पंधरा दिवस चहाचा ग्लास उजव्या हातात, पंधरा दिवस डाव्या. मला वाटलं मूड असेल."

मी आहेरांकडे बघत राहिले. मग त्यांनाही आपलं वाक्य ऐकू आलं. "अरे देवा," ते म्हणाले.

भोयेला बोलावलं. मी फक्त एवढंच म्हणाले, "भावाला घेऊन ये." त्यानं नाही म्हटलं नाही. कोणता भाऊ, असंही विचारलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "शुक्करवारी आणतो मॅडम. आवणी चालू हाय."

आवणी म्हणजे भाताची लावणी. भोये हरसूलच्या वरच्या बाजूच्या एका पाड्यावरचे. शुक्रवारी दोघं माझ्या केबिनमध्ये उभे राहिले. हिरामण आणि काशिनाथ. दीड वर्षाचं अंतर. मिशी तीच, उभं राहण्याची ढब तीच. फाइलमधला फोटो दोघांपैकी कुणाचाही चालला असता. साहेब आले. त्या दिवशी सेशन असल्यामुळे सरही आले होते, साहेबांनी त्यांनाही बसवून घेतलं.

हकीकत अशी. तीन वर्षांपूर्वी हिरामणला नोकरी लागली. पण आवणी, निंदणी, कापणी, आईचं दुखणं, हे सगळं एकाच माणसाला सलग झेपत नव्हतं आणि नव्या कामगाराला एवढी रजा मिळत नव्हती. मग दोघांनी नोकरी वाटून घेतली. एक गावी, एक इथे. साधारण दोन आठवड्यांनी सुट्टीच्या दिवशी एसटीनं बदली व्हायची. त्या शनिवारी दोघं खोलीवर समोरासमोर बसायचे आणि आलेला जाणाऱ्याकडून सगळं ऐकून घ्यायचा. कोणती डाय, म्हणजे साचा, लागली, कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या मुलीची सोयरीक झाली, आहेर साहेब कशावरून बोलले.

साहेबांचा आवाज शिबिराच्या आधीचा झाला. "ही सरळ फसवणूक आहे. दोघांनाही काढा. आजच."

मी म्हणाले, "साहेब, पंधरा दिवसांपूर्वी आपण याच्यासाठी टाळ्या वाजवल्या."

"ते चैतन्याचं होतं. हे मस्टरचं आहे."

"टाळ्या मला नवत्या," हिरामण हळूच म्हणाला. "त्या दिशी ह्यो होता. पण मला सांगितल्या त्यानं."

सर मोठ्यानं हसले. साहेब हसले नाहीत. नोटीस बोर्डावर नाव कुणाचं लागलं होतं हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत होता.

मला खरं सांगायचं तर राग आला नव्हता, उत्सुकता वाटत होती. आमच्याकडे शिफ्ट बदलताना लेखी हँडओव्हर असायचं, म्हणजे जाणारा येणाऱ्याला काम लिहून देतो. तरी रोज काहीतरी राहायचंच. या दोघांनी तोंडी हँडओव्हरवर तीन वर्षं काढली आणि कुणाला पत्ता लागला नाही. मी काशिनाथला विचारलं, "सेफ्टी शूज घातले नाहीत म्हणून मी रागावले होते, आठवतं?"

"हो ना मॅडम. होळीच्या आदल्या दिशी. सगळ्यांसमोर."

"तेव्हा तू होतास?"

"नाय, हिरामण होता."

"मग तुला कसं आठवतं?"

"रागावल्या तर होत्या ना. मला लागलंच की."

सर खुर्चीत पुढे सरकले. "आत्ता बघा," ते साहेबांना म्हणाले, "आपण इतके दिवस जे बोलतोय…"

साहेब त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "टर्मिनेशन लेटर टाइप करा."

मी उठले नाही. माझ्यासमोर प्रेस ऑपरेटरची तपासणी-यादी होती. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन. पायडल दाबलं की वरचा जड भाग, त्याला रॅम म्हणतात, खाली येतो. नियमानं त्यावर ट्रेनिंग घेतलेला आणि नोंद असलेला माणूसच हवा. नोंद होती ती फक्त हिरामणची. उद्या काशिनाथचा हात सापडला असता तर कामगार विम्याच्या कागदावर कुणाचा हात गेला असता? मला समजून घ्यायचं होतं की आपण गेली तीन वर्षं किती नशिबावर चाललो होतो. मी म्हणाले, "साहेब, काढायचं तर काढू. आधी दोघांना हे अठरा प्रश्न विचारू द्या."

दोघांना आळीपाळीनं विचारत गेले. गार्ड कुठे, इमर्जन्सी स्टॉप कुठे, डाय बदलताना काय बंद करायचं. दोघंही बरोबर. एकानं अर्धं वाक्य सोडलं तर दुसऱ्यानं पुरं केलं. साहेबही ऐकायला लागले. सतरावा प्रश्न होता, या मशीननं कधी डबल स्ट्रोक मारला आहे का? डबल स्ट्रोक म्हणजे पायडल एकदा दाबलं आणि रॅम दोनदा खाली आला. पहिल्यानंतर ऑपरेटर तयार माल काढायला हात घालतो. दुसऱ्यात हात जातो.

"नाय," काशिनाथ म्हणाला.

मी दुसऱ्याकडे वळले.

"हिरामण?"

"एकदा मारलाय. चार नंबरच्या प्रेसनं." तो जमिनीकडे बघत होता. "दोन वर्सं झाली. टोपी सरळ करायला हात वर गेला होता म्हनून वाचलो."

काशिनाथ त्याच्याकडे वळला. "मला नाय सांगितलंस."

"नाय सांगितलं."

"समदं सांगतो म्हनायचास. दर बारीला विचारायचो मी, अजून काय. तर म्हनायचास, संपलं."

"सांगितलं असतं तर तू पायडलवर पाय ठेवला असतास? तू नाय आलास तर मी आवणीला कसा जायचो?"

काशिनाथनं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या मशीनवर त्यानं दोन वर्षं, महिन्यातले निम्मे दिवस, दर काही सेकंदाला हात घातला होता. तो हे मनात मोजत असणार. मीही मोजत होते. मी आहेरांना फोन लावला.

आहेरांनी लगेच चार नंबर बंद करायला लावला. मेंटेनन्सनं उघडून पाहिला तर क्लचमधली एक स्प्रिंग थकलेली निघाली. आठवड्यात, महिन्यात, कधीही परत घडलं असतं.

तो रिपोर्ट वाचल्यावर साहेबांनी टर्मिनेशनचा विषय पुन्हा काढला नाही. मी दुसरा कागद पुढे केला. कायम माणूस गैरहजर असेल तेव्हा त्याच्या जागी येणारा, पण स्वतःच्या नावानं नोंदलेला, त्याला बदली कामगार म्हणतात. आमच्या धंद्यात हा जुना प्रकार आहे. काशिनाथला बदली म्हणून घ्यायचं. वेगळं टोकन, वेगळं ट्रेनिंग, विम्यात वेगळं नाव. साहेबांनी सही केली. हिरामणला शिस्तभंगाबद्दल तीन दिवस सस्पेन्शन दिलं. ते तीन दिवस आवणीत गेले, त्यामुळे शिक्षा कमी आणि रजा जास्त झाली, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

एन्रोलमेंटला काशिनाथनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. हिरवा दिवा लागला. तो म्हणाला, "मॅडम, आता त्याच्याकडून ऐकलेलं मी आहेर साहेबांना बी विचारून घेईन. चालंल ना?"

"चालेल," मी म्हणाले. काही महिने ते दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत, असं आहेर सांगायचे. पुढे दिवाळीला ठीक झालं. पण शनिवारी समोरासमोर बसणं परत सुरू झालं नाही. मी विचारून घेतलं होतं.

त्या शुक्रवारी मी सरांना गेटपर्यंत सोडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, चाळीस वर्षं मी 'तू कोण' हा प्रश्न विचारतोय. तुमचा सतरावा प्रश्न जास्त चांगला आहे." त्यांनी यादीची एक कोरी प्रत मागून घेतली. सेशन वर्षभर चाललं. मीही बसायचे. सगळ्यांमध्ये एकच काही आहे, हे मला आता पूर्वीपेक्षा जास्त पटतं. त्या दोघांना पाहिल्यावर नाही म्हणायला जागा उरत नाही. फक्त माणूस वेगळा कुठून सुरू होतो, तेही त्या दिवशी मला दिसलं. तो जे सांगत नाही, तिथून.

यावर मी माझ्या पद्धतीनं एकच गोष्ट केली. शिफ्टच्या हँडओव्हर फॉर्ममध्ये सहीच्या आधी एक रकाना वाढवला: 'सांगायचं राहिलेलं'. साहेब म्हणाले, यात कोण काय लिहिणार? बरोबर होतं. मी निवृत्त होईपर्यंत त्यात फारसं कुणी काही लिहिलं नाही. पण सही करण्याआधी माणसं तिथे जरा थांबायची. दोनदा असं झालं की थांबलेला माणूस पेन ठेवून परत मशीनकडे गेला आणि मेंटेनन्सला हाक मारून आला. तेवढ्यासाठी रिकामा रकाना ठेवावा, असं माझं मत आहे.