आमच्या घाटाचं गणित
साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला सत्तरच्या दशकातलं सांगलीचं वसतिगृह आठवतं. मळीचं पाणी कृष्णेत मिसळल्यावर नदीतला प्राणवायू कुठं सगळ्यात कमी होतो, म्हणजे पाणी कुठं सगळ्यात खराब होतं, हे मी एम.एस्सी.ला समीकरणं मांडून शोधत होतो. त्यातलं कळणारं आसपास कुणीच नव्हतं. उत्तर आलं: आमच्याच गावचा घाट. तिथलं पाणी तपासलं, तर तेही जुळलं. गणित बरोबर आलं म्हणून हरखून मी घरी गेलो. "लय खूश दिसतोस रं," आई म्हणाली आणि घाटावरच्याच पाण्याचा तांब्या तिनं पुढं केला. "आदी पानी पी, मग सांग." गावाला दुसरं पाणी नव्हतं. मी प्यायलो आणि म्हणालो, "काय न्हाई, उगंच." आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते बरोबर आलेलं उत्तर अजून माझ्या एकट्याजवळच आहे.