नीलूची न सांगायची नोकरी

एसटी सुटायला आली तरी आमच्या शेजारच्या विमलवहिनी खिडकीखालून हलेनात. "कुसुमताई, लोणच्याची बरणी मांडीवर धरा हो, पुढे घाट आहे!" मी हो हो म्हणत होते, पण डोळे भरलेले. रत्नागिरीजवळचं मिरजोळ्याचं घर त्यांच्या भरवशावर टाकून निघाले होते. दोन हजार दोन साल असेल. बाजूला लेक नीलू. एमटेक संपवून ती बंगळूरच्या एका कंपनीत संशोधनाला लागली होती, आणि तिचे बाबा गेल्यापासून मी एकटी, म्हणून मला न्यायला आली होती.

मला आपलं वाटत होतं, ती रत्नागिरीलाच परत येईल. इथल्या कॉलेजात शिकवायची जागाही होती. "शिकवायला आवडेल गं आई, पण मला हवी ती यंत्रं इथे नाहीत," म्हणाली. म्हटलं, यंत्रं येत नाहीत तर आपण जाऊ.

मी चौथी शिकलेली, पुढचं वाचायला माझी मीच शिकले. पण तिच्या अभ्यासातलं मला सगळं ठाऊक असे. हॉस्टेलवरून दर रविवारी वहिनींकडे तिचा फोन यायचा. लोखंड एकदम मोडत नाही, रोज थोडं थोडं थकतं नि मग मोडतं, हे तिनेच सांगितलं. मी म्हटलं, "मग त्याला दोन दिवस झोपू द्या की!" तर म्हणे, "झोपून बरं होत नाही ना ते, तोच तर घोळ आहे." सुट्टीत आली तेव्हा तार वाकवून वाकवून मोडून दाखवली. माझी कपडे वाळत घालायची तार! पण तिचा प्रबंध मला कळला तो तेव्हा.

बंगळूरला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आज काय केलंस गो?"

चप्पल काढता काढता ती थांबली. "आई, ते सांगता येत नाही. कंपनीला तसं लिहून दिलंय."

"अगो, मी कुणाला सांगणार? मला इथे भाजीवालीशी बोलता येत नाही!"

खूप हसली. पण सांगितलं नाही.

वहिनींना फोनवर हे बोलले, तर तिकडून फटकाच आला, "म्हणजे इथून जास्त कळत होतं की! मग गेलात कशाला?" त्यांची जीभ तशीच. पण फोन ठेवला आणि गॅसजवळ नुसती उभी राहिले. लेकीजवळ राहावं म्हणून घर बंद केलं, आणि रविवारची ती बोलकी नीलू राहिली मिरजोळ्यालाच.

मग एकदा जेवताना तिनेच विचारलं, "तू काय केलंस आज? सांग ना." हे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी आपली सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या बाईंना कुळथाचं पिठलं दिलं, त्यांनी सांबार समजून त्यात इडली बुडवली! "मग? तोंड कसं झालं त्यांचं?" नीलू एकेक खोदून विचारत बसली. तेव्हापासून ते रोजचंच झालं.

यंदा आंब्यांच्या दिवसांत मिरजोळ्याला जाऊन आले. कौलं बघितली, आंबे उतरवून घेतले, माणसांची ये-जा चालूच. संध्याकाळी पडवीत टेकले. दिवसभरातलं सगळं मनात जुळवलं, सुरुवात कुठून करायची तेही ठरवलं. आणि मग लक्षात आलं, विचारणारी बंगळूरला.

इतकी वर्षं ज्या घरासाठी झुरले, त्याच घरात बसून मला घरची आठवण येत होती. लेकीमागून गेलेल्या बायकांना हे कळेल. विमलवहिनी मात्र शेजारीच तांदूळ निवडत होत्या, त्यांना तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. म्हणून लिहिलं.