चपटी केलेली पिन

आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर रोबोट हा शब्द पहिल्यांदा लागला तेव्हा मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. नव्वदचं दशक संपत आलेलं. वर्गात साठ मुलगे आणि आम्ही दोघी मुली. स्पर्धा डोंबिवलीच्या एका कॉलेजात होती. आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाने टीम केली आणि तोच लीडर झाला. मला घेतलं, कारण माझं ड्रॉइंग चांगलं होतं. उरलेल्या दोघांपैकी एक मुलगा वायरिंग बघायचा आणि दुसरा नुसता हो ला हो म्हणायचा.

रोबोट म्हणजे तरी काय, चार चाकांवर एक चौकट, ट्रकच्या वायपरच्या जुन्या मोटारी आणि लांब वायरच्या टोकाला बटणांचा डबा. पाच मिनिटांत तीन कामं करायची होती. टेबल टेनिसचे बॉल सुपात भरायचे, ठोकळे रेषेपलीकडे ढकलायचे आणि एक लोखंडी कडं उचलून खांबात घालायचं. एका हाताने ही तिन्ही कामं होणं शक्य नव्हतं. म्हणून सूप, फळी आणि आकडा अशा तीन अटॅचमेंट केल्या. रोबोट सुरुवातीच्या चौकोनात परत आणून त्या हाताने बदलता यायच्या, पण घड्याळ थांबत नसे.

अटॅचमेंटची प्लेट रोबोटला जोडायला लीडरने चार बोल्ट आणि हाताने फिरवायचे विंग नट लावले. एकदा बदलायला जवळजवळ मिनिट जायचं आणि मोटारींच्या थरथरीने नट आपोआप सैल व्हायचे. मग त्याने सँडलच्या पट्ट्याला असतं तसलं वेल्क्रो चिकटवलं. कडं उचललं की आकडा मान टाकायचा. दोन आठवडे असेच गेले. शेवटी तोच मला म्हणाला, "तुझे बाबा टूलरूमला होते ना? विचार ना त्यांना."

हे वाक्य त्याचं होतं. मी ते विसरलेले नाही.

बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या खात्यात होते. कारखान्याला टाळं लागून दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून ते कळव्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून असायचे. कोणी "काय चाललंय?" विचारलं की आत निघून जायचे. मी ड्रॉइंग पुढे ठेवलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ कागद बघत राहिले.

"बाय, एखादी गोष्ट जागेवर आणणं वेगळं आणि तिला तिथे धरून ठेवणं वेगळं. तुम्ही दोन्ही कामं बोल्टांच्या गळ्यात मारलीत. जागेवर आणायला पिना घाला. धरायला कडी."

"मग दोन पिना लावू?"

"दोन लाव. पण दोन्ही गोल केल्यास तर भोकांचं अंतर केसभर जरी चुकलं तरी प्लेट अडकेल. एक गोल ठेव. दुसरीची गोल पिनेकडची बाजू आणि तिच्या उलटी बाजू, दोन्ही कानशीने चपट्या कर. गोल पिन जागा पकडते. चपटीचं काम एवढंच, की प्लेट फिरू द्यायची नाही."

त्यांनी स्वतः मात्र कशालाच हात लावला नाही. नियम मी त्यांना वाचून दाखवला होता: सगळं काम विद्यार्थ्यांनीच करायचं, बाहेरच्या कोणाचा हात लागला तर टीम बाद. "स्पर्धा तुझी, तर हातही तुझेच," म्हणाले. रोज दुपारी मी ओट्यावर कानस चालवायचे आणि ते शेजारी बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तिरकी जातेय. मनगट नको हलवू." पत्र्याच्या ट्रंकेला असते तसली, दाबली की ताणून बसणारी कडी त्यांनी सुचवली. अटॅचमेंटवर मोटर ठेवायची नाही हेही त्यांचंच. लोंबणारी वायर कुठेतरी अडकणारच, म्हणून मोटर रोबोटवर आणि पुढे नुसती दात्यांची जोडणी.

मग शंभर वेळा लावून काढायला लावलं. साठाच्या पुढे पिना अडकायला लागल्या, तर टोकं निमुळती करायला लावली आणि पुन्हा एकपासून मोजायला सांगितलं. शेवटी म्हणाले, "आता डोळे मिटून लाव. तिथे सगळे बघत असतील. हात थरथरतात."

त्या दिवसांत ते जेवताना बोलायला लागले होते. आई माझ्याकडे बघून हसायची.

स्पर्धेला मीच त्यांना बोलावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते आले आणि मागच्या रांगेत बसले. आमची अटॅचमेंट सहा-सात सेकंदांत बदलत होती. बाकीच्या टीम पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गुडघ्यांवर बसल्या होत्या. एकाचा नट गडगडत प्रेक्षकांत गेला. आम्ही पहिले आलो.

निकालानंतर परीक्षक आमच्या टेबलापाशी आले. दुसऱ्या कॉलेजचे वयस्कर प्राध्यापक होते. प्लेट उचलून त्यांनी उलटसुलट पाहिली. तोवर बाबाही पुढे येऊन आमच्या मागे उभे राहिले होते. त्यांच्या हातात माझी पाण्याची बाटली होती.

"ही आयडिया कोणाची?" परीक्षकांनी विचारलं.

"माझी, सर," लीडर म्हणाला. "लायब्ररीत एक फॉरेनचं मॅगझिन होतं. त्यातून डेव्हलप केली."

"छान. मग ही एक पिन चपटी का केली?"

त्याला माहीतच नव्हतं. ओट्यावर तो एकदाही आला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मी बोलले. बाबांचा शब्दन् शब्द मी इंग्रजीत, पाठ केल्यासारखा सांगितला. जागेवर आणणं वेगळं, धरणं वेगळं, केसभर चूक, सगळं. परीक्षक खूश झाले. जाता जाता त्यांनी विचारलं, "बाहेरच्या कोणाची मदत?"

"नो, सर," मी म्हणाले.

बाबांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. पण टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला तेवढं कळतंच.

त्यानंतर लीडरने कॅमेरा काढला आणि त्यांच्याच हातात दिला. "काका, आमचा एक फोटो काढता का?" बाबांनी बाटली टेबलावर ठेवली. "बटण कुठलं?" विचारलं. आम्ही चौघं ट्रॉफी धरून उभे राहिलो. तो फोटो माझ्याकडे आहे. जरा तिरका आलाय.

घरी येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "हात नाही थरथरले तुझे."

लीडरला पुढच्या वर्षी कॅम्पसमधूनच नोकरी लागली. इंटरव्ह्यूत त्याने ती प्लेट दाखवली, असं त्यानेच कौतुकाने सगळ्यांना सांगितलं. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं. आईने ते शोकेसमध्ये लावलं. बाबांनी ते कधी वाचलेलं मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा आली. या वेळच्या नव्या रोबोटवर कडी दाबली तरी प्लेट खालून हलत होती. मी निर्लज्जासारखी कागद घेऊन ओट्यावर गेले. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमच्या त्या मॅगझिनमध्ये बघ," म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्या महिन्यात ते घोडबंदर रोडच्या एका नव्या बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागले. माझी टीम पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

माझं लग्न ठरलं तेव्हा एकदा मी धीर करून विषय काढला. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"नियमच होता तसा," ते म्हणाले. "खरं बोलली असतीस तर बक्षीस गेलं असतं. पोरांची मेहनत होती."

मला वाटलं, सुटले. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पण बोलायचंच होतं तसं, तर मला बोलवायला नको होतंस."

लीडरला दोष देणं सोपं आहे आणि मी तो वर्षानुवर्षं दिलाही. पण त्याने फक्त एक आयडिया चोरली. "नो, सर" मी म्हणाले होते.