खिळ्यावरचं सील

काल आळेफाट्यावरच्या आमच्या दुकानात रंगारी आला होता. काउंटरमागच्या खिळ्यावरचं जुनं, कडक झालेलं रबरी सील काढून त्याने कचऱ्यात टाकलं आणि मी अशी ओरडले की बिचारा शिडीवरून पडता पडता वाचला! नवरा म्हणाला, "दे बाबा परत, ती तिची डिग्री आहे."

तर त्या डिग्रीची गोष्ट...

९८-९९ चं साल असेल. आमचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान, आणि नवरा माल आणायला पुण्याला गेला की काउंटर माझा. लग्न होऊन आले तेव्हा दुकानात नुसता पसारा होता. मी सगळी ऑइल सीलं, म्हणजे चाकातलं ग्रीस अडवणाऱ्या रबरी कड्या, नंबराप्रमाणे भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगली... सासरे येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने ती भिंत दाखवायचे आणि मी फुगून जायचे.

समोर दशरथ मिस्त्रींचं गॅरेज. पिंपरी पेंढारच्या बबनभाऊंचा कांद्याचा ट्रक तिथेच यायचा. पुढच्या चाकाचं सील बदललं तरी पंधरा दिवसांत ग्रीस गळायचं, ब्रेकच्या लायनरवर जायचं, आणि ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढायची. घाटात हे म्हणजे जिवाशी खेळ. बबनभाऊ तक्रार घेऊन आले की माझं उत्तर तयार, "माल चांगलाच आहे भाऊ. मिस्त्रींचं वय झालं, हात पूर्वीसारखा राहिला नाही आता."

हे मी एकट्या बबनभाऊंना नाही, येईल त्याला सांगितलं. मिस्त्रींकडच्या गाड्या हळूहळू दुसऱ्या गॅरेजला जायला लागल्या. आज लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्यांदा सील गळालं तेव्हा मिस्त्री स्वतः रस्ता ओलांडून आले. फडक्याला हात पुसत शांतपणे म्हणाले, "वहिनी, तीस वर्सं चाकं खोलतोय. माझं चुकतं कुटं, ते तुमीच दावा. या, तुमच्या हातानं बसवा."

मीही हट्टाला पेटले. भिंतीवरचं एक सील काढलं, पदर खोचला आणि गेले! बघायला निम्मा फाटा गोळा झाला. चहावालासुद्धा स्टोव्ह बंद करून आला...

मिस्त्रींनी मात्र चेष्टा केली नाही, नीट शिकवलं. चाक उतरवलं, चाकाच्या मधला हब ओढून काढला, जुनं सील उचकटलं. धुतलेल्या बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस दाबून भरायला लावलं. स्टिअरिंगच्या रॉडच्या टोकाचं रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात, ते फाटलं होतं, रॉड सोडवून तेही माझ्याकडूनच बदलून घेतलं. रडणाऱ्या पोराला कानटोपी घालावी तसं... इकडून बसवावं तर तिकडून निसटतंय! कोपरापर्यंत ग्रीस, बांगड्या काळ्या, आणि खोटं कशाला बोलू, मला लई मजा येत होती.

मग सील घेतलं. "आतल्या कडेला बोटानं ग्रीस लावून घ्या," मिस्त्री म्हणाले. "ही कड सगळीकडं सारखी चिकटली तरच ग्रीस आत ऱ्हातं."

बोट फिरवलं, एका जागी अडखळलं. पुन्हा फिरवलं... तिथेच. बारीकशी खाच. बरोबर खिळ्याच्या जाडीची.

महिनोन्‌महिने ही सीलं मी त्याच कडेवर टांगून ठेवली होती!

मिस्त्रींनीही बोट फिरवून बघितलं, पण त्यांना काहीच लागेना. तीस वर्षांचे घट्टे होते त्या बोटांना. म्हणजे हे फक्त मला कळलं होतं... गप्प बसायचा मोह झाला, अगदी झाला. समोर बबनभाऊ, चार ड्रायव्हर, चहावाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मिस्त्रींचा हात चांगलाच आहे. माझा खिळा वाईट."

बबनभाऊ म्हणाले, "म्हंजी दोन महिनं घाटात मी देवाचं नाव घेत व्हतो, ते तुमच्या भिंतीच्या शोभेपायी?" सगळे खो खो हसले. मिस्त्री हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "डब्यातलं नवं सील आना वहिनी. काम अर्धं ऱ्हायलंय."

ते मी लाकडाच्या ठोकळ्याने, गोल गोल ठोकत बसवलं. महिन्याने बबनभाऊ आले तेव्हा आधी वाकून चाक बघितलं... कोरडं ठणठणीत! तोवर भिंत मोकळी झाली होती, आणि ज्यांच्यापाशी मिस्त्रींना नावं ठेवली होती त्यांना गाठून माझी चूक सांगून झाली होती. खाच पडलेलं ते एक सील मात्र खिळ्यावर ठेवलं.

मिस्त्री आता थकले, गॅरेज मुलगा बघतो. पण अजूनही कुठलं सील बसवायचं असलं की तो आधी माझ्याकडे घेऊन येतो. "बाबांनी सांगितलंय, वहिनींचं बोट फिरवल्याबिगर बसवायचं न्हाई."

ज्या माणसाचं नाव मी फाट्यावर घालवत होते, त्याने त्याच फाट्यावर माझं नाव केलं. मिस्त्री, थँक्यू म्हणायचं इतकी वर्षं राहूनच गेलं... उद्या रस्ता ओलांडून मीच येते.