अंबडच्या सात सप्तशृंगी

कारखान्याचं नाव खैरनार बाईंच्या लक्षात राहत नसे, माणूस राहत असे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत त्या खरेदी विभाग सांभाळत. ऑर्डर कुणाला द्यायची विचारलं की म्हणत, "तो पिठाच्या गिरणीमागचा. बोलतो कमी, माल चोख." मूळच्या सटाण्याच्या. एरवी बोलणं नाशिकचं, पण डोकं फिरलं की अहिराणी, आणि डोकं बऱ्याचदा फिरे.

दोन हजार सालानंतर कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं. ते काम माझ्याकडे. बाईंच्या रजिस्टरवरून टाइप केलेल्या पुरवठादारांच्या यादीत मला सप्तशृंगीच्या नावाची सात वर्कशॉप दिसली. कुणी इंजिनिअरिंग, कुणी इंडस्ट्रीज, कुणी नुसतंच वर्क्स. मी पुण्याहून आलेला शहाणा. टायपिस्टने एकच नाव सात वेळा भरलं असणार, असं समजून सहा पुसली. वणीच्या देवीचं नाव इथे एकाआड एक शटरवर असतं, हे बाईंना विचारलं असतं तर कळलं असतं.

त्या सहांना दिलेल्या ऑर्डरी मग कुणाच्याच राहिल्या नाहीत. अशा बेवारस नोंदींना आम्ही कॉम्प्युटरवाले अनाथ म्हणतो. मॅनेजर म्हणाले, "बाईंच्या रजिस्टरचा घोळ आहे. सगळ्या उडवा. बाई, इथे सही करा."

बाईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हाई ऑर्डर अनाथ नही शे, साहेब. इले धनी शे." मग आम्हाला समजेल असं म्हणाल्या, "हिला मालक आहे. ऑर्डर उडवली की टेम्पो गेटवरूनच परत. आपल्या ड्रॉइंगचे पार्ट दुसरं कोण घेईल? सहा घरं बसतील."

"सही करा, नाहीतर उद्यापासून गेटवर बसा."

"बसते. तिथून माल तरी आत घेता येईल."

आणि खरंच बसल्या. तिसऱ्या दिवशी मी त्या अनाथ ऑर्डरींची यादी घेऊन गेटवर गेलो.

"ये भाऊ. तू पुसलंस, हे मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"ते तुझं काम. माझं हे." त्यांनी पेन्सिल घेतली. हा ब्रॅकेट गिरणीमागच्याचा, हा बुश चष्मेवाल्याचा, असं करत एकेका ऑर्डरीला तिचा माणूस मिळाला. मी सहाही नावं परत भरली, ऑर्डरी जोडल्या. एकही उडाली नाही, एकही टेम्पो परत गेला नाही. बाई मात्र गेटवरच राहिल्या, निवृत्तीपर्यंत.

निरोपाच्या कार्यक्रमात मॅनेजर म्हणाले, "कॉम्प्युटरच्या यादीच्या त्या साफसफाईत बाईंनी मोलाचं सहकार्य केलं."

बाई गळ्यातल्या हारासकट उठल्या. "सहकार्य नाही केलं. सही मागितली होती, ती दिली नाही. उगाच खोटं कशाला बोलता?" आणि खाली बसून शांतपणे वेफर्स खाऊ लागल्या.

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी तेव्हाच उठायला हवं होतं. उठलो नाही, याची लाज अजून वाटते.

बाई आता नाहीत. साहेब आहेत, हे वाचतीलही. साहेब, रजिस्टर चोख होतं. पुसलं मी.